नगरपालिकेकडे अर्ज देताना एका अर्जात एकच विषय लिहावा

गटार तुंबणे, पथदिवा बंद असणे आणि कचरा न उचलला जाणे या तीन तक्रारी एकाच अर्जात लिहिल्या, तर तो अर्ज बहुधा एकाच विभागाकडे जातो आणि उरलेल्या दोन विषयांची दखल घेण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. म्हणून प्रत्येक विषयाचा अर्ज वेगळा करावा. ठिकाण नेमके लिहावे. दिव्याच्या खांबावर क्रमांक असल्यास तो द्यावा, नसल्यास जवळच्या इमारतीचे नाव व रस्त्याची बाजू नमूद करावी, कारण पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याला जागा सापडली नाही तर तक्रार तशीच पडून राहते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण पुढचे स्मरणपत्र किंवा वरिष्ठांकडील दाद या क्रमांकाच्या आधारेच मागता येते. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांकही जपून ठेवावा. नवा रस्ता किंवा नवी जलवाहिनी अशा मोठ्या कामाची मागणी मात्र अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी, आपल्या नगरसेवकाला प्रत देऊन करावी, कारण तरतूद नसलेले काम त्या वर्षी हाती घेणे प्रशासनाला अवघड जाते.