आडव्या वाऱ्यासाठी रोड बाईकची चाकं : कमी पैशात कशी निवडावीत

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे, किंवा दुपारी रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या सागरी रस्त्यावर, रोड बाईकवाल्याला (म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलवाल्याला) समोरच्या वाऱ्यापेक्षा आडवा वारा जास्त छळतो. समोरचा वारा नुसता दमवतो, आडवा वारा हँडलच ओढतो. म्हणून अशा भागासाठी चाकं घेताना वेगाचा विचार नंतर, ताब्याचा आधी.

१. पुढच्या चाकाची रिम किती खोल, ते ठरवा

रिम म्हणजे टायर बसतो ते कडं; त्याची टायरपासून आत स्पोककडे असलेली उंची म्हणजे खोली. निम्मा निर्णय इथेच होतो. मागचं चाक फ्रेममध्ये घट्ट बसलेलं असतं. त्याला वारा लागला तर सायकल थोडी कलते, इतकंच. पुढचं चाक मात्र वळणारं असल्यामुळे त्याच्यावरचा दाब थेट हातात येतो. ३० मिमी खोल रिमचा एका बाजूचा पृष्ठभाग साधारण ५७० चौ. सेमी भरतो, ५० मिमीचा ९२० च्या आसपास. म्हणजे वाऱ्याला धरायला दीडपटीहून जास्त जागा. त्यातही एकसारख्या वाऱ्याची हाताला सवय होते, झोताची होत नाही. ट्रक शेजारून जाताना वारा क्षणभर अडतो आणि ट्रक पुढे सरकला की एकदम परत येतो. खोल रिमवर हँडल हिसका मारतं ते नेमकं तेव्हा. घाटात डोंगराची आड संपून रस्ता उघडा पडतो तिथेही हेच होतं.

पुढे २५ ते ३० मिमीची रिम घ्या. वजन ६० किलोच्या खाली असेल तर २५ च्या जवळच राहा. खोल रिमचा सोस असेलच तर तो मागे भागवा : पुढे ३०, मागे ४५-५० चालतं.

२. आकार पाहा

रिमची आतली कड, म्हणजे निप्पल (स्पोक आवळायच्या छोट्या नळ्या) असतात ती बाजू, बोटाने चाचपा. टोकदार असेल तर झोतात चाक जास्त बिचकतं. गोलसर, बोथट असेल तर दाब हळूहळू वाढतो आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. जुन्या स्वस्त खोल रिम बहुतेक टोकदारच असतात.

३. धातू आणि स्पोक

परवडणाऱ्या किमतीत ॲल्युमिनियमच घ्या. रिम ब्रेकची (ब्रेक रिमलाच धरतो अशी) सायकल असेल तर यात वादच नको. अनोळखी कंपनीची स्वस्त कार्बन रिम लांब उतारावर ब्रेक धरून तापली की तिचे थर सुटू शकतात. ॲल्युमिनियमही पावसाळ्यातल्या चिखलाने झिजतं, पण रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा खळगा असतो. तो दिसेनासा झाला की रिम बदलायची.

स्पोक साधे, वाकड्या टोकाचे घ्या. पुढे २४, मागे २८. वजन ८५-९० किलोच्या वर असेल तर २८ आणि ३२. खास कंपनीचे सरळ टोकाचे स्पोक तालुक्याच्या गावात मिळायचे नाहीत. चांगला कारागीर माहीत असेल तर शिमानो कंपनीचे टियाग्रा दर्जाचे हब (चाकाचे मधले भाग) आणि साधी ॲल्युमिनियम रिम घेऊन चाक बांधून घेणं तयार जोडीइतकंच सोयीचं. पुढे एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो.

४. माप जुळवा

रिम ब्रेकच्या रोड बाईकला पुढे १०० आणि मागे १३० मिमीचा हब लागतो. थ्रू अ‍ॅक्सल (हबमधून आरपार जाणारा दांडा) असलेल्या डिस्क ब्रेकच्या बाईकला बहुधा १२×१०० आणि १२×१४२. ११ स्पीडच्या शिमानो फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग) ८-९-१० स्पीडची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बसवायची तर मागे १.८५ मिमीची चकती घालावी लागते. उलट, जुन्या फ्रीहबवर ११ स्पीडची रोड कॅसेट सहसा बसत नाही. दुकानदार "बसून जाईल" म्हणाला तरी कॅसेट सोबत नेऊन बसवूनच पाहा.

५. टायर

रिमची आतली रुंदी १९-२१ मिमी, टायर २८ मिमी. रिमची बाहेरची रुंदी टायरपेक्षा ५ टक्के जास्त हवी हा नियम खोल चाकांसाठी ठीक आहे. ३० मिमीपेक्षा कमी खोल रिमसाठी त्यावर पैसे घालवू नका.

जुनी जोडी घेत असाल तर

चाक फिरवून ब्रेक पॅड आणि रिममधली फट पाहा. डिस्क असेल तर फोर्कला प्लास्टिकची पट्टी बांधून तिचं टोक रिमजवळ आणा. अर्ध्या मिमीपर्यंतचा आउट (चाकाचा वाकडेपणा) सहज निघतो. रिम कडेला धरून हलवा; टिकटिक लागली तर बेअरिंग ढिलं किंवा झिजलेलं आहे. निप्पलच्या भोकांभोवती बारीक चिरा दिसल्या तर कितीही स्वस्त असली तरी जोडी नको.

आणि चाकांवर पैसे टाकण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे करा. हेडसेटमध्ये (हँडल वळतं तिथल्या बेअरिंगमध्ये) खडखड जाणवली तर आधी तो आवळा. वाऱ्यात हँडल थरथरण्याचं कारण पुष्कळदा तिथेच असतं.

नव्या बांधलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये बसतात. तेवढं अंतर झालं की एकदा आउट काढून घ्या, आणि तोवर झोत असलेल्या दिवशी घाट उतरू नका.