रिकामे कण लावले का? नॅनो-अँटिबायोटिकच्या प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फार्मसीच्या पोरांचे प्रोजेक्ट पाहता पाहता माझे केस पिकले. बॅच बदलते, चुका त्याच.

अँटिबायोटिक अतिसूक्ष्म कणांत भरून जंतूंवर तपासायच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात डोकं खाणारी चूक म्हणजे औषध न भरलेले, रिकामे कण तुलनेला न लावताच निकाल जाहीर करणं. मागं एक पोरगी धावतच आली, "सर, एमआयसी आठपट खाली आली ना!" एमआयसी म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. कायटोसानचे (कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचे) कण, आत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, समोर त्याला न जुमानणारा ई. कोलाय जिवाणू. म्हटलं, खळग्यांच्या प्लेटवर रिकाम्या कणांची ओळ कुठाय? नव्हतीच. लावली, तर तिथंही जंतू मेलेले! कायटोसान विरघळवायला 1 टक्का ॲसेटिक ॲसिड घेतलेलं, कण धुतलेच नव्हते, ते ॲसिड तसंच प्लेटमध्ये गेलं. त्यात कायटोसानवर धनभार, जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋणभार. कायटोसान स्वतःच जिवाणूला चिकटून इजा करतो. कणांत न शिरलेलं मोकळं औषध जंतू मारतं ते वेगळंच. तीन महिने राबून कोणी मारलं तेच सांगता येईना. तेव्हापासून मोकळं औषध, रिकामे कण, भरलेले कण आणि नुसतं द्रावक, या चार ओळी दिसल्याशिवाय मी प्लेट इनक्युबेटरमध्ये जाऊ देत नाही. पोट्टे कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरं, अगरमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) खड्डा पाडून झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, मोजण्याचा सोस. फोटो छान येतो, पण कण अगरमधून औषधासारखे पसरत नाहीत. चांगला कणही नापास ठरतो. ब्रॉथमध्येच, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ द्रावणातच करा. तिथंही कणांमुळे द्रावण आधीच गढूळ असतं, नुसत्या डोळ्यांनी वाढ कळत नाही. मी रेझाझुरिन हा रंग घालतो: निळ्याचं गुलाबी झालं की जंतू जिवंत.

कण बनवताना टीपीपी (ट्रायपॉलीफॉस्फेट, कायटोसानचे कण जुळवणारं रसायन) एकदम ओतू नका, थेंब थेंब सोडा. पिठल्यात बेसन भसकन टाकल्यावर होतं तेच होतं.

ट्रेहॅलोज या साखरेशिवाय फ्रीझ-ड्राय केलेले (गोठवून वाळवलेले) कण पुन्हा पाण्यात नीट सुटत नाहीत.

प्रत्येक वेळी सोबत एटीसीसी 25922 हा तपासणीसाठीचा प्रमाणित ई. कोलाय लावा. त्यावर सिप्रोची एमआयसी 0.004 ते 0.016 मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या बाहेर गेली, तर त्या दिवसाचा निकाल मी फाडून टाकतो.

आणि मे महिन्यात लाइट गेली की इनक्युबेटर किती वेळ बंद होता ते वहीत लिहा. "थोडाच वेळ" असं लिहू नका.