एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स : या चुका टाळा

इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांत लॅपटॉप एकच असतो आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे-तिघे असतात. वडिलांना टॅलीसाठी आणि सीपीसीटी या मध्य प्रदेशातील संगणक-प्रावीण्य परीक्षेच्या हिंदी टायपिंगचा सराव करणाऱ्या ताईला विंडोज लागते, तर अभियांत्रिकीला असलेल्या धाकट्याला लिनक्स हवे असते. दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम एका यंत्रावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू शकतात. जिथे बिनसते तिथे चूक बहुधा लिनक्स बसवताना झालेली नसते. विंडोजमधील दोन-तीन गोष्टी आधी मार्गी न लावता लिनक्स बसवण्याचा पेन ड्राइव्ह लावला, हीच ती चूक असते.

त्यांपैकी सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणे. विंडोजमधील त्यासाठीची सोय, बिटलॉकर, आपण कधी सुरूच केली नाही, असे अनेकांना ठामपणे वाटते. परंतु विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच, डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि होम आवृत्तीही त्याला अपवाद नाही. पुढे बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे केवळ मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, बंद केले की विंडोज सुरू होण्याऐवजी निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. सहा-सहा अंकांचे आठ गट असलेली ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी. तिची छायाचित्रे किंवा फाइल त्याच लॅपटॉपवर ठेवण्यात अर्थ नाही. सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात जाऊन एन्क्रिप्शन बंद करता येते, मात्र डिस्क पूर्ववत होण्यास वेळ लागतो आणि तोवर चार्जर काढू नये. सिल्व्हर मॉल या इंदूरच्या संगणक-बाजारातून किंवा ओळखीतून वापरलेला लॅपटॉप घेतला असेल, तर आणखी सावध राहावे, कारण ती की कदाचित आधीच्या मालकाच्या खात्यात असेल.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. ही सोय चालू असताना 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही; आपल्या कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि डिस्क आपल्याच ताब्यात आहे असे गृहीत धरते. त्यामुळे लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला तर फाइली वाचता येतात, पण लिहिता येत नाही, किंवा ड्राइव्ह जोडलाच जात नाही. अशा वेळी बळजबरीने तो जोडण्याचे उपाय शोधत बसू नये. त्यात फाइली खराब होण्याचा धोका असतो. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय बंद करता येते. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर तिच्यामुळे वाचणारे काही सेकंद, माझ्या मते, या कटकटीच्या मोलाचे नाहीत.

लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून रिकामी करावी. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराला किमान २५ जीबी लागतात. अभ्यासाची साधने टाकायची असतील तर ६० ते ८० जीबी ठेवलेले बरे. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, कारण सी ड्राइव्हमधून डी ड्राइव्हमध्ये केलेली प्रत त्याच डिस्कवर असते.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, ही तक्रार बहुधा इंटेलच्या आरएसटी किंवा रेड या डिस्क हाताळण्याच्या व्यवस्थेमुळे उद्भवते. बायोसमध्ये जाऊन ती एकदम एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेली की लिनक्सला डिस्क दिसू लागते खरी, पण विंडोज 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून अडून बसते. आधी लिनक्सची ताजी आवृत्ती लावून पाहावी. नव्या कर्नलला इंटेलची व्हीएमडी ही डिस्क-व्यवस्था बहुधा ओळखता येते. बदल करावाच लागला, तर विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमधून सेफ बूट निवडून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा, त्याच वेळी बायोसमध्ये एएचसीआय निवडावे, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यावे आणि मग सेफ बूटची खूण काढावी. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही. खात्याचा पासवर्ड पाठ असावा.

बूट मेनूमध्ये एकच पेन ड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय (लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत) या अक्षरांसह. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेले असेल, तर दुसरीच नोंद निवडावी. नाहीतर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामच्या, यादीतून विंडोज उघडणार नाही. इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' हा पर्याय सोपा वाटतो, पण तो संपूर्ण डिस्क पुसतो. विंडोजच्या सोबत बसवण्याचा पर्याय दिसत नसेल, तर तिथेच थांबून वरील कारणे तपासावीत. जुना पेन ड्राइव्हही वापरू नये : ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अपडेटनंतर, सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक लॅपटॉपवर जुन्या लिनक्स आवृत्त्या शिम (लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आणि एसबॅट (त्याची आवृत्ती तपासण्याची सोय) यांचा उल्लेख असलेली चूक दाखवून सुरू होईनाशा झाल्या होत्या.

दोन्ही बसल्यावर घड्याळ साडेपाच तासांनी चुकते, कारण विंडोज लॅपटॉपच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे असे धरते. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितले की प्रश्न मिटतो. ग्रबच्या यादीत विंडोज दिसत नसेल, तर ओएस-प्रोबर हा इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम चालू करून यादी नव्याने तयार करावी, ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून तो मुळात बंद असतो.

लिनक्स काढताना मात्र घाई नडते. डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचे पार्टिशन नुसते पुसले की पुढच्या वेळी ग्रबची काळी पाटी समोर येते, कारण ग्रबचा छोटा भाग लॅपटॉप सुरू करण्यासाठीच्या वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये राहतो आणि त्याची बाकीची सामग्री पुसलेल्या जागेत गेलेली असते. विंडोज शाबूत असते. बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणले की ते उघडते, आणि दुकानात नेऊन ते नव्याने टाकून घेण्याची गरज नसते. हा क्रम आधीच बदलून मग पार्टिशन काढावे. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडताना मध्ये रिकव्हरी पार्टिशन आले असेल, तर 'एक्स्टेंड' हा पर्याय चालत नाही. अशा वेळी त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करून घ्यावा.