आयजीएस फाइलमधल्या सुट्या सरफेसचा सॉलिड करताना

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्र्यांचं पंप केसिंग (पंपाचं बाहेरचं आवरण) माझ्याकडे स्ट्रेस ॲनालिसिसला, म्हणजे कुठे किती ताण येतो ते बघायला, येतं ते बहुतेकदा आयजीएस या थ्रीडी मॉडेलच्या फाइलमध्ये. स्क्रीनवर भरीव दिसतं, पण असतात नुसते सुटे सरफेस, म्हणजे पृष्ठभागाचे तुकडे. जाडी शून्य. मेश करणाऱ्या (हिशोबासाठी मॉडेलचे बारीक भाग पाडणाऱ्या) सॉफ्टवेअरला आत कुठलं नि बाहेर कुठलं, हेच कळत नाही. म्हणून आधी फोन करून स्टेप ही दुसऱ्या प्रकारची थ्रीडी फाइल मागा. त्यात सॉलिड, म्हणजे भरीव मॉडेल, शाबूत राहण्याची शक्यता जास्त. "आमच्याकडं एवढीच हाय की!" असं उत्तर आलं, तर पुढचा उद्योग.

मी सॅलोम हे सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे आणि दुरुस्तीला बरं पडतं. जॉमेट्रीत फाइल इम्पोर्ट करा, रिपेअर मेनूतून सोइंग (सुटे सरफेस कडेला कडा लावून शिवणं) उघडा. सगळी गोम टॉलरन्समध्ये, म्हणजे किती फटीपर्यंतच्या कडा जोडायच्या त्या आकड्यात आहे. मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर ०.००१ पासून सुरुवात करा, मग ०.०१. डिटेक्ट दाबलं की उघड्या राहिलेल्या कडा दिसतात. घाईतली माणसं इथे सरळ १ टाकतात आणि शेल (शिवून झालेलं कवच) बंद झाला म्हणून खूश होतात. अर्ध्या मिलिमीटरची चॅम्फर (तिरकी कापलेली कड) त्यात चेपली जाते, आणि स्ट्रेस तर नेमका तिथेच बघायचा असतो! सर्वांत बारीक फीचरच्या दहाव्या हिश्शापुढे मी टॉलरन्स नेत नाही.

एवढं करूनही कडा उघड्याच राहिल्या, तर तिथला सरफेसच गायब असतो. तीन फिलेट (गोलाई दिलेल्या कडा) मिळतात तो कोपरा आधी तपासा. त्या कडा निवडून बिल्ड मेनूतून फेस, म्हणजे नवा सरफेस, करा. कोपरा वळणदार असेल तर सपाट फेसची टिक काढा, मग पुन्हा सोइंग. नॉन-मॅनिफोल्डची टिक मात्र लावू नका. एका कडेला तीन फेस चिकटलेला शेल सॉलिडच्या कामाचा नाही.

शेल बंद झाला की बिल्डमधून सॉलिड. लगेच मेशकडे पळू नका, बेसिक प्रॉपर्टीजमध्ये व्हॉल्यूम बघा. आकडा वजा आला तर फेसची दिशा उलटी आहे, ओरिएंटेशन बदला. मग वजन काढा: २५,००,००० घन मिलिमीटर म्हणजे ०.००२५ घनमीटर, कास्ट आयर्नची घनता साधारण ७२०० किलो प्रति घनमीटर, म्हणजे १८ किलो. ड्रॉइंगवर १८च्या आसपास असेल तर पुढे चला. तुमचं २६ येत असेल, तर फ्लँजच्या (पाइप जोडायच्या कडेच्या) तोंडावर कुणीतरी झाकण ठेवलंय आणि पाण्याची वाटही लोखंडाने भरलीय. ते झाकण काढून, वाटेचे आतले फेस घेऊन पुन्हा शिवा.