मास्टर गार्डनर व्हायचंय? मग सेवेचे तास नीट निवडा

आधी ठरवा, बागकाम शिकायचंय की नोकरी हवीय? अमेरिकेतला मास्टर गार्डनर कार्यक्रम १९७३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सुरू झाला, तोच मुळी लोकांच्या बागेबद्दलच्या प्रश्नांना विद्यापीठाची विस्तारसेवा (एक्स्टेन्शन, म्हणजे लोकांपर्यंत शेती-बागेची माहिती पोचवणारा विभाग) पुरी पडेना म्हणून. हे स्वयंसेवकांचं प्रशिक्षण आहे: आधी शिकायचं आणि मग ठरावीक तास लोकांची विनामूल्य सेवा करायची. प्रमाणपत्र मिळालं की नर्सरीत नोकरी पक्की, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

अर्ज आपल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) एक्स्टेन्शन ऑफिसात करा. फी आणि तासांची अट जागोजागी वेगळी, ती आधीच विचारून घ्या. वर्ग आणि परीक्षा नियमित अभ्यासावर निभावतात.

खरी कसोटी सेवेच्या तासांची. बहुतेक जण तण काढून नाहीतर रोपविक्रीला उभं राहून तास भरतात. काम चांगलंच आहे, पण शिकायचं असेल तर सल्ला केंद्राच्या टेबलावर बसा. कोणीतरी बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडलेला टोमॅटो घेऊन येतं. नवखा लगेच सांगतो, "कॅल्शियम कमी पडलंय, अंड्याची टरफलं घाला." हा सल्ला ऐकला की माझा संयम सुटतो! मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसं असतं. पाणी कधी कमी, कधी जास्त झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. कोणी एप्सम सॉल्ट घालायला सांगतं; ते तर मॅग्नेशियमचं, त्यानं कॅल्शियम शोषायला उलट अडथळाच होतो. म्हणून आधी विचारा: झाड कुंडीत आहे की जमिनीत? पाणी किती दिवसांनी देता? नायट्रोजनचं खत जास्त झालंय का? मी नवख्यांना सुरुवातीला उत्तरं देऊच देत नाही, नुसते प्रश्न विचारायला लावते. उत्तर विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पडताळायचं आणि मगच बोलायचं. ही सवय दुसऱ्या कुठल्याही कामात इतकी लागत नाही.

नोकरी शोधणाऱ्यांनी बायोडेटात हे 'स्वयंसेवा' या मथळ्याखाली लिहावं आणि कुठले प्रश्न हाताळले तेही सांगावं. 'मास्टर गार्डनर' हे बिरुद धंद्याच्या जाहिरातीत वापरायला मनाई आहे, तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर छापू नका. झाडांच्या छाटणीत करिअर करायचं असेल तर आयएसएची (इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेची) आर्बोरिस्ट, म्हणजे वृक्षतज्ज्ञाची, परीक्षा द्या. तिला आधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. पैसे घेऊन फवारणी करायची तर राज्याचा परवाना काढा.

प्रमाणपत्र टिकवायला दरवर्षी सेवेचे आणि शिक्षणाचे तास भरावे लागतात. फक्त स्वतःच्या अंगणापुरतं शिकायचं असेल आणि लोकांसाठी वेळ काढणं जमणार नसेल, तर अर्ज करू नका. एक्स्टेन्शनच्या खुल्या कार्यशाळांना जा, तेवढं पुरतं.