हप्ते थकले, झोप उडाली? या चुका टाळा

कर्जाचा हप्ता चुकला की बँक दिवस मोजू लागते. ३० दिवसांपर्यंत खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे बँकेने खास लक्ष ठेवलेलं थकतं खातं), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि त्यापुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. या तीन महिन्यांत मुदत वाढवून घेणं, हप्ता कमी करून मागणं त्यातल्या त्यात सोपं असतं. खातं एनपीए झालं की फाइल वसुली विभागाकडे जाते आणि बोलण्याचा सूरच बदलतो. दुर्दैवाने बहुतेक घरांत नेमके हेच तीन महिने लपवालपवीत जातात. नोकरी गेल्याचं बायकोला माहीत नसतं, दुकान तोट्यात असल्याचं भावाला माहीत नसतं आणि जामीनदाराला तर थेट नोटीसच मिळते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: हातात पैसे नसले तरी बोला, आणि लवकर बोला. पुढच्या बहुतेक चुका गप्प राहण्यातूनच होतात.

बँकेचा फोन टाळणं

फोन उचलला नाही की बँकेच्या नोंदीत तुम्ही ‘संपर्क होत नाही’ या रकान्यात जाता. खरंच अडचणीत असलेला आणि पैसे बुडवायला निघालेला, दोघं तिथे सारखेच दिसतात. फरक दाखवायचा तर कागद लागतो. शाखाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: अडचण काय आली, कधीपासून, सध्या दरमहा किती भरता येईल आणि किती महिन्यांनी पूर्ववत भरता येईल. सोबत नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याचे कागद जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शाखेतला माणूस “बघू” म्हणाला तर ती पोच समजू नका.

बँकेने अर्ज मान्य केलाच पाहिजे असं बंधन नाही. पण पुढे तक्रार करायची किंवा कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तुम्ही वेळेवर कळवलं होतं याचा पुरावा हाच असतो.

खातेउताराही मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर बँकांना दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क लावता येतं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जुनी कर्जंही त्याच वर्षी या नियमाखाली आली. क्रेडिट कार्ड मात्र यातून वगळलेलं आहे. तिथे ‘मिनिमम ड्यू’ भरून सुटलो असं वाटतं, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डाची थकबाकी मोठी असेल तर कार्ड वापरणं थांबवा आणि ती रक्कम हप्त्यांत बदलून मागा.

जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देणं

ही चूक जवळपास सगळेच करतात. पर्सनल लोनवाला दिवसातून दहा फोन करतो म्हणून त्याला पैसे दिले जातात आणि घरभाडं, वीजबिल, रक्तदाबाच्या गोळ्या मागे पडतात. क्रम उलटा हवा. आधी छप्पर, जेवण, औषधं आणि मुलांचं शिक्षण. मग ज्यावर पोट चालतं ते, म्हणजे रिक्षा किंवा टेम्पोचा हप्ता. मग घराचं कर्ज, कारण तिथे तारण आहे. विनातारण कर्ज आणि कार्ड शेवटी. त्यांनाही टाळू नका, पण त्यांच्या आवाजावरून तुमच्या घराचा क्रम ठरू देऊ नका.

काटकसर करताना आरोग्यविम्याचा हप्ता तेवढा वाचवू नका. अडचणीच्या वर्षात आजारपण आलं तर तेच कर्ज दुप्पट होतं.

एक खड्डा बुजवायला दुसरा खणणं

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबद्दल एवढं लक्षात ठेवा: नियमाने चालणारं अ‍ॅप तुमची फोन नंबरांची यादी, फोटो किंवा कॉलची नोंद मागू शकत नाही. पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत आणि व्याज, शुल्क, एकूण खर्च सांगणारा कागद आधी मिळाला पाहिजे. अ‍ॅपने संपर्कयादीची परवानगी मागितली तर तिथेच थांबा. ते नंबर पुढे नातेवाइकांना बदनामीचे मेसेज पाठवायला वापरले जातात. असं आधीच झालं असेल तर घाबरून आणखी पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या. नातेवाइकांनाही आपणच आधी सांगून टाका. त्यांना आधीच कळलेलं असलं की धमकीत फारसा जोर उरत नाही.

सावकाराकडचं कर्ज ही आपल्या गावागावातली जुनी जखम आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तारण म्हणून जमिनीचं खरेदीखत करून देऊ नका. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टँप पेपरवर सही करू नका. पैसे परत केल्याची पावती मिळत नसेल तर निदान बँकेतून पाठवा. सावकारीच्या व्यवहारात जमीन गेलीच असेल, तर याच कायद्याच्या कलम १८ खाली मागच्या १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची चौकशी होऊन ती परत मिळू शकते. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा. तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय असतं, तिथे माहिती मिळते.

धमकीला कायदा आणि कायद्याला धमकी समजणं

लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या खोट्या वॉरंटने रात्रभर जागे राहतात आणि रजिस्टर पोस्टाने आलेली खरी नोटीस न फोडता कपाटात टाकतात. नुकसान होतं ते न फोडलेल्या नोटिशीने.

नुसतं कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस अटक करत नाहीत. ती दिवाणी बाब आहे. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जात ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास यांना सक्त मनाई आहे. आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. गटकर्ज घेतलेल्या बायकांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाणार नाहीत, हे पाहूनच कर्ज द्यायची जबाबदारी देणाऱ्या कंपनीवर आहे. चौथं, पाचवं कर्ज गळ्यात मारणारी कंपनीही त्यात दोषी असते. त्या बाईला एकटीला शरमेने मान खाली घालायचं कारण नाही.

तक्रार आधी बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र लोकपाल नाही, सहकार खात्याचा निबंधक. आपल्याकडे कितीतरी तक्रारी चुकीच्या दारात पडून राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता खरी नोटीस. चेक न वटल्याची नोटीस मिळाली की रक्कम भरायला १५ दिवस असतात. ते गेले की चेकसंबंधीच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला भरता येतो. ऑटो-डेबिटचा हप्ता बाउन्स झाला तरी तशीच तरतूद आहे, म्हणून खात्यात पैसे नसतील तर आधीच बँकेशी बोला. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करायच्या कायद्याखाली, आधी ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. शेतजमिनीला सरफेसी लागू नाही. पतसंस्थेकडून सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याची (थकबाकी वसूल करायच्या आदेशाची) सुनावणी लागली तर तारखेला हजर राहा, नाहीतर एकतर्फी दाखला निघतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. कोर्टाच्या आवारात जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नमर्यादेत. हेल्पलाइन १५१००. लोक अदालतीत तडजोड करताना मात्र झेपेल तेवढ्याच रकमेला हो म्हणा. तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही.

तोंडी सेटलमेंट

थकबाकीपेक्षा कमी रकमेत कर्ज मिटवायचं, म्हणजे सेटलमेंट करायचं ठरलं, तर तसं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका, आणि भराल तो कर्जखात्यातच, एजंटच्या खात्यात नाही. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडला की पुढची काही वर्षं कर्ज मिळणं कठीण जातं, हेही आधीच समजून घ्या. सगळं फिटलं की बाकी नसल्याचा दाखला मागून घ्या.

दवाखान्याचं बिल आधी कर्जाने भरणं, मग चौकशी करणं

महाराष्ट्रात मोफत उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दाखल होतानाच रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. डिस्चार्जच्या दिवशी विचारलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

“आधी पैशाचं बघू, मग माझं”

पहाटे तीनला जाग येणं, फोन वाजला की छातीत धस्स होणं, लेकरांवर विनाकारण ओरडणं, संध्याकाळी दारूकडे वळणं. हे सगळं कर्ज फिटल्यावर आपोआप थांबेल असं समजून माणसं महिनोन्महिने काढतात. पण झोप नसलेला माणूस बँकेत नीट बोलू शकत नाही, चुकीच्या कागदावर सही करतो आणि मिळेल त्या अटीवर कर्ज घेतो. म्हणून झोपेवर, मनावर उपचार हा पैशाच्या अडचणीवरच्या उपायाचाच भाग आहे. टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ वर दिवसरात्र फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

“मी नसलो तर घरचे सुटतील” असा विचार मनात येत असेल तर तो आजच कुणाला तरी सांगा. तो खरा नाही. कर्ज तिथेच राहतं, वारसांकडे आलेल्या मालमत्तेतून वसूल होतं, जामीनदार अडकतो आणि घर आपलं माणूस गमावतं. जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला उपचार देणं सरकारचं कर्तव्य आहे. धोका अगदी समोर असेल तर ११२ या तातडीच्या क्रमांकावर फोन करा.

आणि जवळच्या माणसांच्या चुका

“एवढं कर्ज काढायला कोणी सांगितलं होतं?” हा प्रश्न खरा असला तरी त्या दिवशी विचारू नका. पुन्हा काही सांगायचा धीर त्या माणसाला होत नाही. जीव देण्याचे विचार येतात का, हे मात्र सरळ विचारा. विचारल्याने तसे विचार मनात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ वर फोन त्याच्यासमोरच लावा.

उसने पैसे देणं जमलं नाही तरी चालेल. एका दुपारी त्याच्याबरोबर बसून सगळी कर्जं एका कागदावर उतरवा: कोणाचं, किती, तारण काय, जामीनदार कोण, कुठली नोटीस कधी आली. न फोडलेली पाकिटं तुम्ही फोडा. दुसऱ्या दिवशी बँकेत सोबत जा. अपमानाच्या भीतीने जो माणूस शाखेच्या दारातून परत फिरतो, तो सोबत कोणी असलं की आत जातो, आणि अर्जावर पोच मागायची आठवणही सोबतचा माणूसच करून देतो.