पाळकपदाच्या दीक्षेपूर्वीची तयारी

पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होण्याच्या दीक्षाविधीची तारीख ठरली की घरात झगा, पाहुणे आणि जेवण यांचीच बोलणी सुरू होतात. उमेदवाराने मात्र सर्वप्रथम कागदपत्रांची फाइल लावावी. बाप्तिस्म्याचा व दृढीकरणाचा (मोठेपणी विश्वास जाहीरपणे कबूल करण्याच्या विधीचा) दाखला, सेमिनरीची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयाची, पदवी आणि मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, समितीचे शिफारसपत्र सामान्यतः लागतेच. मुंबईतल्या पुष्कळ कुटुंबांचे बाप्तिस्मे नगर किंवा जालन्याकडच्या मंडळ्यांत झालेले असतात, आणि तेथील नोंदवहीतला उतारा येण्यास वेळ लागतो, म्हणून पत्र लवकर पाठवावे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही प्रोटेस्टंट मंडळी 1970 साली नागपूर येथे अस्तित्वात आली. त्या मंडळीत आधी डीकन (सहायक सेवक) आणि नंतर प्रेसबिटर (पूर्ण पाळक) अशी दीक्षा होते, आणि डीकनला प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस देण्याचा, विधी स्वतः चालवता येत नाही. हा मधला काळ वाट पाहण्यात घालवू नये. ज्येष्ठ पाळकांसोबत आजाऱ्यांच्या भेटीस जावे. परळच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, खाटेशेजारच्या स्टुलावर पांढरे कापड अंथरून ते प्रभुभोजन कसे देतात, गिळता न येणाऱ्या आजीबाईंसाठी भाकरीचा अगदी लहान कण द्राक्षारसात भिजवून ओठांशी कसा धरतात आणि शेजारच्या खोलीतला टीव्ही चालू असतानाही प्रार्थना घाईने का उरकत नाहीत, हे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज समजत नाही.

त्याहून अधिक तयारी अंत्यविधीची हवी, आणि माझ्या मते नव्या पाळकाची खरी परीक्षा तिथेच होते. मृत्यू वेळ पाहून येत नाही. रात्री फोन आला तर डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आहे का, शिवडीच्या दफनभूमीत कुटुंबाची जुनी कबर आहे का आणि गावाहून येणाऱ्या मुलासाठी किती वेळ थांबायचे, हे पाळकालाच विचारले जाते. म्हणून दफनाचा क्रम, त्यातली शास्त्रवचने आणि दोन-तीन गीते पाठ असावीत, म्हणजे पावसात पुस्तक उघडता आले नाही तरी आवाज थांबणार नाही. मृताचे नाव आधी नातेवाइकांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. शोकाकुल कुटुंबासमोर नाव चुकले तर ते दुःख फार काळ राहते.

विवाह लावण्यापूर्वी 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा स्वतः वाचावा. काही अपवाद सोडले तर विवाह सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांच्या दरम्यानच लावावा लागतो. हॉलचा मुहूर्त उशिराचा असेल तर चर्चमधला विधी त्याआधी उरकण्यास कुटुंबाला स्पष्ट सांगावे.

पत्नीशी, किंवा उमेदवार स्त्री असेल तर पतीशी, बदली, पगार आणि मुलांच्या शाळेविषयी मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण दीक्षा एकाची होत असली तरी रात्री-अपरात्री उघडणारे दार दोघांचे असते.

बायबलातल्या, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय दीक्षेच्या आदल्या आठवड्यात रोज वाचावा, आणि त्याच पत्रात कोणावरही हात ठेवण्याची, म्हणजे दीक्षा देण्याची, घाई करू नये असे जे बजावले आहे, ते स्वतःलाच विचारून पाहावे. बिशप सर्वांसमोर विचारतील ते प्रश्न घरी मोठ्याने वाचावेत. एखाद्या प्रश्नाशी जीभ अडखळली, तर बिशपांची वेळ मागून तो विषय त्यांच्यापुढे आधीच मांडावा. तारीख पुढे ढकलावी लागली तरी त्यात कमीपणा नाही.

झगा आदल्या दिवशी अंगावर घालून, गुडघे टेकून आणि उठून पाहावा, म्हणजे पायात अडकतो का ते कळेल. शनिवारची संध्याकाळ उपवास व प्रार्थनेसाठी मोकळी ठेवावी, आणि दीक्षेनंतर पहिल्या आठवड्यात ज्यांच्याकडे जायचे त्या आजारी सभासदांची नावे, इमारत, मजला आणि जवळचे स्टेशन यांसह, मंडळीच्या सेक्रेटरींकडून त्याआधीच लिहून घ्यावीत.